आठवडा घसरतो तेव्हा भरपाई कोण करतं?

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, नऊ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, सासूबाई सोबत राहतात. प्रश्न विचारणाऱ्या ताई दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याची कामं नीट लिहून काढतात. सोमवार-मंगळवार निभावतो. बुधवारी एखादं काम मध्येच घुसतं आणि यादी कोलमडते, मग रोज संध्याकाळी उशीर, आणि शनिवारी दुपारी लॅपटॉप उघडावाच लागतो. ‘नियोजन करूनही घरच्यांच्या वाट्याला उरलासुरला वेळच येतो. कुठली पद्धत, कुठलं ॲप वापरू?’

ॲपचं आधी उरकते. आत्ता जे वापरताय तेच ठेवा. कॅलेंडर आणि एक वही, एवढ्यावर हे सगळं होतं. नवं ॲप शिकण्यात सुरुवातीचे दिवस मजेत जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

माझं काम प्रकल्पांची वेळापत्रकं आखण्याचं. कुठल्या टप्प्याला किती माणसं, किती दिवस, कोणाचं काम कोणावर अवलंबून. या धंद्यात सगळे एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे वेळापत्रक घसरणार. त्यामुळे कोणी नवं वेळापत्रक समोर ठेवलं की अनुभवी माणूस पहिल्यांदा विचारतो, घसरलं तर भरपाई कुठून? त्यासाठी राखलेल्या मोकळ्या वेळाला आम्ही बफर म्हणतो. तुमच्या आठवड्यातही बफर आहे, फक्त तो तुम्ही ठरवलेला नाही. संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि शनिवारची दुपार, हाच तुमचा बफर. काम अडलं की वेळ तिथून उचलला जातो, कारण तिथून उचलायला कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला मेल टाकावी लागत नाही. मुलगी तुमच्या साहेबांकडे तक्रार घेऊन जात नाही. म्हणून या उत्तरात यादी कशी करावी हे थोडं आहे, आणि घसरलेल्या वेळाची भरपाई कुठून करायची हे आधी कसं ठरवावं, हे जास्त.

आधी यादी का घसरते ते बघू. तुम्ही आळशी नाही, गबाळ्याही नाही. माणसाला स्वतःच्या कामाचा अंदाजच कमी लावायची खोड असते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नाव दिलं, आणि १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनी ती मोजून दाखवली. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे ‘वाईटात वाईट’ म्हणून केलेला अंदाजही कमीच पडला. याचं कारण साधं आहे. अंदाज करताना आपण डोळ्यांसमोर ते काम आणतो. त्या कामाच्या मध्ये येणारे फोन, सहीसाठी थांबणं, चुकीची फाइल आली म्हणून परत मागवणं, हे काही डोळ्यांसमोर येत नाही.

यावर उपाय कल्पनेतून निघत नाही, नोंदीतून निघतो. यादीतल्या कामापुढे ‘किती वेळ लागेल’ लिहायच्या आधी ‘मागच्या वेळी किती लागला’ ते लिहा. मासिक अहवालाला तुम्ही दोन तास धरता आणि मागचे अहवाल साडेतीन तासांच्या आत संपलेले नसतील, तर तो साडेतीन तासांचा अहवाल आहे. यात वाटाघाट नाही.

आता एक हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घाला. ऑफिसचे आठवड्याचे ४५ तास धरा. त्यातले १२ तास बैठका. ७ तास मेल, मेसेज, मंजुऱ्या, ‘जरा बघून सांग’ छापाची कामं. ५ तास अशी कामं, जी सोमवारी सकाळी अस्तित्वातच नव्हती. उरले २१. तुमचे अंदाज दीडपटीने चुकत असतील, आणि बहुतेकांचे निदान तेवढे चुकतात असा माझा अनुभव, तर या २१ तासांत तुमच्या अंदाजाने १४ तासांचं काम मावतं. रविवारी रात्रीच्या यादीतल्या कामांची बेरीज करून बघा. अशा याद्या मी बऱ्याच बघितल्यात, त्यात तीस तासांचा ऐवज सहज निघतो. चौदा तासांच्या जागेत तीस तास. तुम्हाला बुधवारी कळतं, पण आठवडा रविवारी रात्रीच फसलेला असतो.

चौदा वाचून पोटात गोळा आला असेल. काहीजणांना वाटतं, घट्ट आखलं की जास्त मावेल. घोडं इथेच पेंड खातं. टेलिफोन एक्स्चेंजला किती लाइनी लागतील हे शोधताना डेन्मार्कच्या ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्यातलं अगदी सोपं प्रतिमान घ्या: कामं कधीही येतात, कोणाला कमी वेळ लागतो, कोणाला जास्त, आणि करणारा एकच. तो ८० टक्के वेळ व्यग्र असेल, तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतका वेळ थांबावं लागतं. ९० टक्के असेल तर नऊ कामांइतका. ९५ टक्क्यांना एकोणीस. ऐंशीनंतरचे पंधरा टक्के भरले आणि थांबण्याचा वेळ जवळजवळ पाचपट झाला. तुमचं ऑफिस या प्रतिमानाबरहुकूम चालत नाही हे खरं, पण कल तोच असतो. गच्च भरलेल्या आठवड्यात एक लहानसं काम घुसलं, की त्याचा धक्का पुढच्या सगळ्या कामांना बसतो आणि शेवटी शनिवारी दुपारी येऊन थांबतो.

(आठवड्यात १६८ तास असतात, त्यातून झोप आणि नोकरी वजा करा आणि बघा किती उरतात, असं सांगणारे भेटतात. मला ते गणित कधीच पटलं नाही. मुलगा साडेनऊला झोपतो. रात्री अकरा ते बारा हा तास कागदावर मोकळा असेल, पण त्या तासात तो तुमच्याशी खेळणार नाही. घर जागं असताना तुम्ही घरी असता, तेवढेच तास मोजायचे. सातला घरी पोचलात तर रोजचे अडीच. त्यातला एक तास ऑफिसने खाल्ला, तर त्या संध्याकाळचा ४० टक्के भाग गेला.)

तर आता करायचं काय?

पहिलं, रविवार रात्र सोडा. आठवडा शुक्रवारी दुपारी आखा, ऑफिसच्या वेळेत, निघण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात. रविवारी रात्री तुमच्या लक्षात येतं की मंगळवारी दोन कामं एकमेकांवर आदळतायत, पण त्या वेळी फोन कोणाला करणार? शुक्रवारी माणसं जागेवर असतात. ‘मंगळवारची बैठक बुधवारी घेऊ का’ हे तिथल्या तिथे मिटतं. दुसरा फायदा शनिवार-रविवारचा. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात हे १९२७ मध्ये ब्ल्यूमा झायगार्निक यांच्या कामापासून चर्चेत आहे. मसिकँपो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांमध्ये मात्र एक उपयोगाची गोष्ट दिसली. काम पुरं न करताही, ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरवला, तरी त्याचं डोक्यात येऊन त्रास देणं कमी होतं. ‘प्रस्ताव बाकी आहे’ असं नुसतं लिहून भागत नाही. ‘प्रस्ताव, सोमवारी दहा ते साडेअकरा, आधी खर्चाचा तक्ता’ असं लिहिलं की मन ते सोडतं.

दुसरं, घरची बैठक. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी, दोघांनी, वीस मिनिटं, दोघांची कॅलेंडरं समोर. सासूबाईंनाही बसवा, त्यांच्या वेळा तुम्ही परस्पर ठरवत असाल तर तेही बंद व्हायला हवं. ही बैठक साधारण अशी चालते:

‘मंगळवारी ऑडिट आहे, आठच्या आत सुटका नाही.’

‘मग मंगळवार माझा. पण गुरुवारी मला उशीर.’

‘गुरुवारी आईची तपासणी आहे ना?’

‘साडेपाचला. ती तू घे.’

‘घेतो. मागचे रिपोर्ट कुठे आहेत?’

‘ते शोधणंही त्यातच आलं.’

शेवटचं वाक्य कोरडं वाटेल, पण बैठकीचं सगळं सार तिथे आहे. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातल्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार भाग केले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही ते बघणं. निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात. पहिला आणि शेवटचा भाग मात्र जास्त करून बायकोकडे राहतो. म्हणजे नवरा तपासणीला घेऊन जातो, पण तारीख लक्षात ठेवणं, रिपोर्ट काढून ठेवणं, औषध बदललं का ते विचारणं, हे तुमच्या डोक्यात चालूच. कॅलेंडरमध्ये ते कुठेच दिसत नाही आणि तुम्हाला मात्र कामाच्या मध्ये त्याची आठवण येत राहते. म्हणून वाटणी कामाची करू नका, अख्ख्या विषयाची करा. तपासणी त्याच्याकडे म्हणजे तारखेपासून औषधापर्यंत सगळी त्याच्याकडे. तो तुमच्यासारखं करणार नाही. करू दे. तुम्ही मागून येऊन तपासत राहिलात, तर वाटणी झालीच नाही.

मुलीलाही या बैठकीत शेवटची पाच मिनिटं द्या. आठवड्यात एक गोष्ट तिने ठरवायची, दिवस आणि वेळ तुम्ही द्यायची. नऊ वर्षांच्या मुलीला हे उत्तम जमतं, आणि ती ते विसरत नाही.

तिसरं, भरपाईची जागा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात, कारण रिकामी जागा बघून त्यांना अपराधी वाटतं. आठवड्याच्या कामाच्या वेळेत दोन रिकामे पट्टे राखा. बुधवारी दुपारी दोन तास, शुक्रवारी सकाळी दोन तास. कॅलेंडरमध्ये ‘राखीव’ लिहिलंत तर कोणीतरी त्यावर बैठक टाकेल, तेव्हा ‘अहवालाचं काम’ असं काही लिहा, ते खोटंही नसतं. या पट्ट्यांत आधीपासून काहीही बसवायचं नाही. घसरलेलं काम इथे येतं. आठवडा सुरळीत गेला आणि पट्टा मोकळा राहिला, तर पुढच्या आठवड्यातलं काम ओढून घ्या आणि शुक्रवारी वेळेवर निघा.

पट्टे पुरले नाहीत तर? इथे उतरंड ठरवून ठेवायची, आणि शुक्रवारी शांत डोक्याने ठरवायची. बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला ठरवायला गेलात तर घरच हरणार, कारण त्या क्षणी तोच सगळ्यांत सोपा मार्ग असतो. माझ्याकडची उतरंड अशी आहे: आधी राखीव पट्टे. ते संपले की यादीतलं एक काम पुढच्या आठवड्यात, संबंधितांना सांगून. तेही शक्य नसेल तर आठवड्यातली एक ठरलेली उशिराची संध्याकाळ, जी घरात सगळ्यांना आधीपासून माहीत आहे आणि त्या दिवशी घर दुसऱ्याच्या हाती आहे. शनिवार सगळ्यांत शेवटी, आणि तो घेताना घरच्यांना विचारून, संपायची वेळ सांगून. ‘दहा ते बारा, बारानंतर लॅपटॉप कपाटात.’ ‘जरा थोडं काम आहे’ असं म्हणून उघडलेला लॅपटॉप संध्याकाळपर्यंत मिटत नाही, आणि मुलं दर अर्ध्या तासाने येऊन ‘झालं का’ विचारतात, ते कोणालाच परवडत नाही.

उतरंडीतली दुसरी पायरी सगळ्यांना जड जाते, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त. काम पुढे ढकलायचं तर ते बुधवारी सांगा. बुधवारी समोरच्याला त्याची आखणी बदलायला दोन दिवस मिळतात, शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या हातात फक्त चिडणं उरतं. आणि सांगताना माफीपत्र लिहू नका, पर्याय द्या. असं:

‘शुक्रवारचा अहवाल सोमवारी दुपारी दोनपर्यंत देऊ शकेन. शुक्रवारीच काही हवं असेल तर आकड्यांचा भाग शुक्रवारी दुपारी आणि निष्कर्ष सोमवारी, असं करता येईल. यातलं काय चालेल ते आज कळवाल का?’

कित्येकदा उत्तर येतं, ‘सोमवारी चालेल, मी तसाही मंगळवारी बघणार होतो.’ शुक्रवारच्या निम्म्या मुदती कोणीतरी सहज बोलून गेलेल्या असतात. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि न विचारता तुम्ही त्यासाठी एक शनिवार मोजून मोकळ्या होता.

संध्याकाळच्या निघण्याबद्दलही तसंच, आधी ठरवून ठेवलेलं वाक्य लागतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं १९९९ पासून गाजलेलं काम सांगतं की ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असा जोडीने केलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा खूप जास्त वेळा अमलात येतो. ‘मी वेळेवर निघायचा प्रयत्न करीन’ ही इच्छा. ‘साडेपाचची बैठक सुरू झाली की पहिल्याच मिनिटाला सांगीन, मला साडेसहाला निघायचंय, निर्णयाचे मुद्दे आधी घेऊ’ हा निश्चय. बैठकीच्या सुरुवातीला हे बोललं की कोणाला खटकत नाही. सहा पस्तीसला घड्याळाकडे बघत चुळबुळ केली की सगळ्यांना खटकतं आणि निघणंही होत नाही.

चौथी गोष्ट घरी पोचल्यावरची. वेळेवर येऊनही मन ऑफिसात असेल तर मुलं ते लगेच ओळखतात. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. पुढे २०१८ मध्ये लेरॉय आणि थेरेसा ग्लोम यांच्या अभ्यासात असंही दिसलं की, काम सोडण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं, हे थोडक्यात लिहिलं तर ते अडकणं कमी होतं. तेव्हा निघण्यापूर्वीची दहा मिनिटं यासाठी ठेवा आणि त्यात नवी मेल उघडू नका. एक-दोन ओळी पुरतात: ‘तक्त्याच्या तीन ओळी झाल्या. उद्या चौथीपासून, आधी पुरवठादाराचा आकडा तपासणे.’ फोन घरात शिरल्यावर दुसऱ्या खोलीत. तातडीचं असेल तर लोक फोन करतात, आणि रिंग दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येते.

कॅलेंडरमध्ये ‘कौटुंबिक वेळ’ असं मोघम लिहू नका. मोघम नोंद पुढे ढकलायला फार सोपी असते. ‘गुरुवार, साडेसात, तिचा प्रकल्प: नकाशा रंगवणे’ अशी नोंद ढकलताना हात अडखळतो, कारण शुक्रवारी नकाशा द्यायचा असतो. लहान मुलाचं वेगळं. तीन वर्षांच्या मुलाला कार्यक्रम नको असतो, त्याला रोज त्याच वेळी तेच हवं असतं. आंघोळ आणि गोष्ट, रोज पाऊण तास, याने त्याचं भागतं, आणि आठवड्यातून एकदा भरघोस दिलेली दुपार त्याची भरपाई करत नाही. दोघांना एकत्र उरकायचा मोह होतो, पण मोठीला आठवड्यात निदान एकदा तरी एकटीला तुम्ही हव्या असता.

पुढे सहा आठवड्यांवर नजर महिन्यातून एकदा टाका. परीक्षा आणि तुमची तिमाहीअखेर एकाच आठवड्यात येणार हे दीड महिना आधी दिसलं, तर नवऱ्याची रजा तरी टाकता येते.

हे सगळं करूनही यादी महिनोन्महिने चौदाच्या जागी तीसच राहत असेल, तर प्रश्न नियोजनाचा नाही. एका माणसावर दोन माणसांचं काम आहे, आणि ते कुठल्याही पद्धतीने मावणार नाही. तेव्हा नोंदवही घेऊन वरिष्ठांकडे जायचं: ही कामं, हे प्रत्यक्ष लागलेले तास, हे माझ्याकडे असलेले तास, यातलं कुठलं थांबवू? ‘फार काम आहे’ या तक्रारीला कोणी दाद देत नाही, सगळेच ती करतात. तासांचा तक्ता बाजूला सारणं अवघड जातं. पाळीत किंवा ऑन-कॉल काम करणाऱ्यांना बुधवार-शुक्रवारचे पट्टे तसेच्या तसे जमणार नाहीत, त्यांनी पाळीनुसार जागा बदलावी. एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांना उशिराची संध्याकाळ हाती द्यायला घरात दुसरं कोणी नसतं, तिथे मग नात्यातलं किंवा शेजारचं एक माणूस आधीपासून ठरवून ठेवावं लागतं, आणि राखीव पट्टे दोनाऐवजी तीन.

सुरुवात कशी करायची ते सांगते. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त कुठल्या कामाला किती वेळ गेला ते त्याच्यापुढे लिहा, आणि घरचा किती वेळ कोणत्या कामाने खाल्ला तेही. तिसऱ्या आठवड्यात फक्त बुधवारचा पट्टा आणि घरची बैठक. शुक्रवारचा पट्टा आणि उतरंड त्यानंतर. महिनाअखेरीच्या आठवड्यात यातलं काहीच सुरू करू नका, आणि तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदी आल्या की तुमचा दीडपटीचा आकडा खरं तर किती आहे, तो काढा आणि त्यावरून येणारे तास चौदाच्या जागी घाला.